दप्तर जपायचे, पण कोणाच्या पैशांनी?

पेण तालुक्यातील वरसई हे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे जन्मगाव. १८६३ साली जन्मलेल्या राजवाड्यांनी उमेदीची सारी वर्षे गावोगावच्या वाड्यांतील माळे आणि रुमाल धुंडाळण्यात घालविली. वाळवीच्या तोंडची कागदपत्रे सोडवून आणून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ही माला सिद्ध केली. तिचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे एकंदर २२ खंड प्रसिद्ध झाले. पदरमोड, मित्रांचे साहाय्य आणि विलक्षण चिकाटी एवढेच त्यांचे भांडवल होते. १९२६ च्या अखेरीस धुळे येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी जमविलेल्या दप्तरांचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला आणि त्यासाठी धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन करावे लागले. साधने जमविण्याचे काम एखादा राजवाडे एकट्याच्या बळावर करू शकतो. ती जपण्याचे काम मात्र संस्थेलाच करावे लागते, आणि संस्था म्हटली की दरसालचा खर्च आला.

राजवाड्यांच्या तालुक्यात आणि शेजारच्या रोहे तालुक्यात हाच प्रश्न आज निराळ्या वेषात उभा आहे. आता दप्तरे मोडी कागदांची नाहीत. ती आहेत अध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या मोजमापांची, पाहणीच्या तक्त्यांची, मुलाखतींच्या ध्वनिफितींची आणि संगणकावरील धारिकांची. संशोधनाच्या या आधारसामग्रीला अलीकडे ‘विदा’ किंवा सरळ ‘डेटा’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ती सांभाळण्याची जबाबदारी महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी घ्यावी, असे आता जगभर मानले जाते. प्रश्न एवढाच आहे की, या कामाचा पैसा कोणी द्यावयाचा?

प्रबंध उरतो, मोजमाप जाते

पेण परिसरात खाडीच्या काठाने खारजमिनींचा पट्टा पसरला आहे. भरतीचे पाणी अडविणारे बांध, पावसाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या उघाड्या, आणि उधाणात बांधाला खांड गेली की मिठाने मारलेली भातशेती, हे येथील शेतीचे जुने गणित. १८८३ साली निघालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात या खारजमिनींची आणि त्यांच्या शिलोत्री पद्धतीची दखल घेतलेली आहे. रोह्याकडे कुंडलिका नदी आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी भिरा येथील वीजगृहातून उतरून तिला मिळते, म्हणून ती भर उन्हाळ्यातही वाहती असते. आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने असल्यामुळे तिच्या पाण्याची परीक्षा हा अभ्यासकांचा नित्याचा विषय होऊन बसला आहे. याखेरीज पेण, हमरापूर, जोहे येथील गणेशमूर्तींचा व्यवसाय आहे आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या व कोळशाच्या कामासाठी घर सोडणाऱ्या कातकरी कुटुंबांचे स्थलांतर आहे. संशोधनाला विषयांची वाण पडावी असा हा मुलूख नव्हे.

संशोधन होतेही. अध्यापक पदवीसाठी प्रबंध लिहितात, विद्यार्थी प्रकल्प करतात, निबंध नियतकालिकांत छापून येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले आणि इन्फ्लिबनेट या केंद्राने ‘शोधगंगा’ या नावाने त्या प्रतींचे भांडार उभे केले. देशभरचे लाखो प्रबंध आज कोणालाही विनामूल्य वाचता येतात, ही मोठीच कमाई होय. परंतु प्रबंध म्हणजे आधारसामग्री नव्हे. प्रबंधात सरासरी असते. वहीत प्रत्येक विहीर असते. कोणत्या गावच्या कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या तारखेला किती खारट होते, त्याच्या आदल्या आठवड्यात उधाण होते काय, मोजणीचे उपकरण कोणते होते, हे सारे वहीत राहते. प्रबंध मान्य झाला की वहीचे प्रयोजन संपले असे मानले जाते. अध्यापक निवृत्त होतो, कपाट रिकामे करावे लागते, संगणक बदलतो, आणि दहा वर्षांची मोजणी रद्दीच्या भावाने निघून जाते.

ही केवळ आपल्याकडील हेळसांड नाही. वनस्पती व प्राणी यांच्या शरीरमापनावर आधारलेले ५१६ शोधनिबंध निवडून त्यांच्या लेखकांकडे मूळ सामग्री मागण्याचा एक उपक्रम काही परदेशी शास्त्रज्ञांनी केला होता. निबंध २ ते २२ वर्षे जुने होते. त्याचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. निबंध जसजसा जुना होत जातो, तसतशी त्याची सामग्री हाती लागण्याची शक्यता दर वर्षागणिक सुमारे १७ टक्क्यांनी घटते, असे त्यातून दिसून आले. पत्ते बदलले होते, जुन्या चकत्या वाचणारी यंत्रे उरली नव्हती, कागद हरवले होते. सधन देशांतील शास्त्रज्ञांची ही कथा. मग कोकणातील महाविद्यालयांची स्थिती काय असेल, हे वेगळे सांगावयास नको.

अलिबागचा दाखला

जुनी मोजमापे जपून काय साधते, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. त्याचे उत्तर पेणपासून तीसेक किलोमीटरवर, अलिबागला मिळते. मुंबईतील कुलाबा येथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे घेतली जात असत. पुढे शहरातील घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या गाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने मोजणीत खोट येणार हे उघड होते. म्हणून वेधशाळेचे प्रमुख डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. दोन ठिकाणच्या आकड्यांचा मेळ बसावा यासाठी सुमारे दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवण्यात आली. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ती १९०७ साली. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी नीट लावून १९१० साली दोन खंडांत छापविल्या.

या सावधगिरीचे फळ जवळजवळ शतकाने मिळाले. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरील एका प्रचंड उद्रेकामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले होते. कुलाब्याच्या निरीक्षकांनी त्या वेळी डोळ्यांनी काटे वाचून आकडे लिहून ठेवले होते. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्या जुन्या नोंदी पुन्हा अभ्यासल्या, तेव्हा चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट झालेली आढळली. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील साठ लाख लोकांना कित्येक तास अंधारात ठेवणारे वादळ याच्या तुलनेने बरेच सौम्य होते. विजेचे जाळे आणि उपग्रह यांना जास्तीत जास्त किती मोठा धोका संभवतो, याचा अंदाज बांधताना आज जगभरचे शास्त्रज्ञ कुलाब्याच्या त्या आकड्यांचा आधार घेतात. ते आकडे लिहिणाऱ्या कारकुनांना वीजजाळे ठाऊक नव्हते आणि उपग्रह तर स्वप्नातही नव्हता.

या कथेतील मर्म शास्त्रीय नाही, आर्थिक आहे. कुलाब्याच्या आणि अलिबागच्या मोजणीला सरकारने वर्षानुवर्षे नियमित खर्च पुरविला. वेधशाळा बांधून दिली आणि हात झटकले, असे झाले नाही. निरीक्षकांचा पगार, नोंदींची छपाई आणि दोन वर्षांची दुहेरी मोजणी हे सारे आवर्ती खर्चाचे कलम होते. ते कलम जिवंत राहिले म्हणून नोंदी जिवंत राहिल्या.

खर्च नेमका कशाचा?

संगणकाच्या युगात साठवण स्वस्त झाली असताना एवढी चिंता कशाला, असा आक्षेप येथे घेतला जातो. एका महाविद्यालयाची सगळी सामग्री तळहातावर मावेल अशा चकतीवर बसते, हे खरे आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील दोन तज्ज्ञांनी तर २०१० साली, संशोधकाकडून एकदाच पैसे घेऊन सामग्री कायमची सांभाळावी, अशी योजना मांडली. तिचे अंकगणित सोपे आहे. आज साठवणीला १०० रुपये लागत असतील आणि काही वर्षांनी यंत्र बदलताना तोच खर्च ५० वर, नंतर २५ वर, मग साडेबारावर येत असेल, तर ही बेरीज कितीही लांबविली तरी २०० च्या पुढे जात नाही. म्हणजे पहिल्या खर्चाच्या दुप्पट रक्कम एकदाच घेतली की काम भागले.

योजना चतुर आहे, पण तिच्या दोन मर्यादा आहेत. साठवणीचे भाव असेच निम्म्याने उतरत राहतील, हे तिने गृहीत धरले आहे. आणि साठवण हाच मुख्य खर्च आहे, असेही मानले आहे. यातील दुसरे गृहीत अधिक डळमळीत आहे. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात पुरातत्त्वीय सामग्रीचे एक केंद्र आहे. त्याच्या खर्चाची पाहणी झाली तेव्हा असे दिसले की, सुमारे ५५ टक्के खर्च सामग्री मिळविणे, तपासणे आणि दाखल करून घेणे यांवर होतो, सुमारे ३० टक्के ती वाचकांपर्यंत पोहोचविण्यावर होतो, आणि प्रत्यक्ष साठवण व जतन यांच्या वाट्याला सुमारे १५ टक्केच येतात. म्हणजे पैसा यंत्राला लागत नाही, माणसाला लागतो. यंत्राची किंमत निम्म्याने उतरते. माणसाचा पगार उतरत नाही आणि उतरूही नये.

हा माणूस करतो तरी काय? पाहणीच्या तक्त्यातील ‘क्ष–३’ या मथळ्याचा अर्थ तो संशोधकाकडून लिहून घेतो. एकाच वाडीची तीन प्रकारे लिहिलेली नावे एक करतो. मोजणीच्या तारखा, एकके, उपकरणे यांची टिपणी जोडतो. धारिका दहा वर्षांनीही उघडेल अशा स्वरूपात बदलून ठेवतो. कातकरी वाडीतील कर्जाची किंवा आजारांची माहिती असेल, तर त्यातील माणसांची नावे झाकून मगच ती खुली करतो; व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यापासून हे काम अधिक जबाबदारीचे झाले आहे. पुस्तकांच्या बाबतीत वर्गीकरण आणि तालिकीकरण यांचे जे महत्त्व, तेच येथे या कामाचे. ते मूलतः ग्रंथपालाचेच काम आहे. म्हणूनच, ‘जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेने २०१३ पासून झेनोदो नावाचे विनामूल्य भांडार उघडले आहे, त्यात सामग्री टाकून मोकळे व्हावे’, हे उत्तर अपुरे पडते. जागा फुकट मिळेल. पण जोहे आणि हमरापूर यांमधील फरक सांगणारा माणूस जिनिव्हात मिळणार नाही.

परदेशी ग्रंथालयांची तजवीज

परदेशांत हा खर्च भागविण्याच्या चार वाटा दिसतात. पहिली वाट सरकारी किंवा निमसरकारी अनुदानाची. इंग्लंडमध्ये १९६७ साली एसेक्स विद्यापीठात सामाजिक शास्त्रांचे सामग्रीकेंद्र निघाले, ते तेथील सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळावर. दुसरी वाट वर्गणीची. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९६२ साली सुरू झालेल्या सामग्रीसंघाला आज सातशेहून अधिक संस्था वार्षिक वर्गणी देतात आणि त्या वर्गणीच्या बळावर तो साठ वर्षांहून अधिक काळ उभा आहे.

तिसरी वाट संशोधन अनुदानातील हिश्श्याची. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने जानेवारी २०११ पासून प्रत्येक अर्जासोबत सामग्री कशी सांभाळणार याचा दोन पानांचा आराखडा मागावयास सुरुवात केली. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी जानेवारी २०२३ पासून तोच नियम अधिक कडक केला आणि जतनाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरण्यास मुभा दिली. चौथी वाट ग्रंथालयाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकाची. जुनी पदे नव्या कामाकडे वळवावयाची आणि वरखर्च विद्यापीठाने सोसावयाचा, हा परिपाठ तिकडील अनेक ग्रंथालयांनी पत्करला.

यांपैकी कोणतीही एक वाट एकटी पुरेशी ठरलेली नाही. प्रकल्पाचा पैसा प्रकल्पाबरोबर संपतो. जतनाचे काम मात्र तेथूनच पुढे सुरू होते. ग्रंथालयाचे अंदाजपत्रक आकसले की नव्या कामावर पहिली कुऱ्हाड पडते. म्हणून काही ग्रंथालयांनी एकत्र येण्याचा मार्ग धरला. मिनेसोटा विद्यापीठाच्या पुढाकाराने काही अमेरिकन ग्रंथालयांनी २०१६ च्या सुमारास असे जाळे विणावयास घेतले. भूगोलाची सामग्री एकाच्या तज्ज्ञाने तपासावी, जीवशास्त्राची दुसऱ्याच्या, अशी वाटणी त्यांनी केली. आरंभीचा पैसा एका धर्मादाय प्रतिष्ठानाने दिला. पुढे सभासदांच्या वर्गणीवर काम चालू लागले. कोकणातील लहान महाविद्यालयांनी पाहावा असा धडा कोणता असेल, तर तो हाच.

वाचण्यासाठी तरतूद, जपण्यासाठी?

आपल्या देशात पैसा अगदीच नाही, असे म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मान्यता दिली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना व संशोधनसंस्थांना वाचावयास मिळावीत, यासाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. खासगी व्यवस्थापनाच्या अनुदानित महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटचा ‘एन–लिस्ट’ हा उपक्रम आहे. त्यासाठी वर्षाला पाच हजार रुपये व त्यावरील कर एवढीच वर्गणी घेतली जात आली आहे. दुसऱ्यांनी लिहिलेले वाचण्यासाठी देश हा खर्च करतो, हे योग्यच आहे. मात्र आपण स्वतः मोजलेले जपण्यासाठी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना असे एकही ठरलेले खर्चाचे कलम नसावे, हा विरोधाभास डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

राष्ट्रीय पातळीवर काही प्रयत्न झाले आहेत. सरकारी खात्यांची आकडेवारी खुली करण्याचे धोरण २०१२ साली आले. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची सामग्रीसेवा इन्फ्लिबनेटच्या साहाय्याने चालते. जीवशास्त्रीय सामग्रीसाठी फरिदाबाद येथे २०२२ साली राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. परंतु ही सारी मोठ्या संस्थांची आणि मोठ्या प्रकल्पांची दालने आहेत. पेण येथील एखाद्या रसायनशास्त्राच्या अध्यापकाने चार पावसाळे खारजमिनीतील मिठाचे प्रमाण मोजले असेल, तर त्याची वही त्या दालनापर्यंत आपोआप पोहोचत नाही. तिला हाताशी धरून नेणारा दुवा म्हणजे महाविद्यालयाचे ग्रंथालय. तेथे अनेक ठिकाणी ग्रंथपालाचे पदच रिकामे असते; आणि पंचवार्षिक योजनांचे युग २०१७ साली संपल्यापासून त्या योजनांतून येणाऱ्या अनुदानाचा जुना आधारही उरलेला नाही.

रोह्याचे चिंतामणराव आणि दरडोई निकष

या प्रश्नाचा विचार करताना रोह्याच्या एका सुपुत्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मले. त्यांचे घर आणि बालपण रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्यानंतर १९६१ पर्यंत ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. त्यांच्याच कारकीर्दीत, १९५७ साली, आयोगाने डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली.

त्या समितीने एक साधी गोष्ट केली. ग्रंथालयाला पैसा ‘उपलब्धतेनुसार’ मिळावा, हा मोघमपणा तिने नाकारला आणि दर विद्यार्थ्यामागे १५ रुपये व दर अध्यापकामागे २०० रुपये असा दरडोई निकष सुचविला. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तो अनुक्रमे २५ आणि ३०० रुपयांवर नेला. हे निकष सर्वत्र पाळले गेले असे नाही. परंतु त्यांनी मागणी करणाऱ्याच्या हाती एक आकडा दिला. ग्रंथपालाला प्राचार्यांपुढे आणि प्राचार्यांना सरकारपुढे बोट ठेवावयास जागा मिळाली. पुस्तकखरेदीसाठी असा आकडा साठ वर्षांपूर्वी ठरू शकला, तर आधारसामग्रीच्या जतनासाठी आज का ठरू नये?

हिशेब मांडून पाहिला तर तो भयावह नाही. नव्या सहायक ग्रंथपालाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार महिना ५७,७०० रुपये आहे; भत्ते धरून वर्षाचा खर्च दहा लाखांच्या पुढे जातो. एकट्या महाविद्यालयाला हे झेपणार नाही. पण कोकणातील शंभर महाविद्यालये एकत्र आली आणि प्रत्येकाने वर्षाला दहा–अकरा हजार रुपये दिले, तर एका पूर्णवेळ जाणकाराची सोय होते. हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाच्या दृष्टीने हा खर्च दर विद्यार्थ्यामागे वर्षाला दहा–अकरा रुपये, म्हणजे एका कटिंग चहाएवढा पडतो. त्यासाठी लागणारी संगणकप्रणाली विनामूल्य आहे; डीस्पेससारखी व्यवस्था आपल्याकडील अनेक ग्रंथालयांत पूर्वीपासून वापरात आहे. हा भार विद्यार्थ्यांच्या शुल्कावरच टाकावा असे नव्हे. तो राज्य सरकारने उचलणे अधिक न्याय्य होईल. पण आकडा एवढाच आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

काय करता येईल

पहिली गोष्ट म्हणजे, अनुदान देणाऱ्या प्रत्येक संस्थेने जतनाचा खर्च हे प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातील स्वतंत्र कलम मानावे आणि ती रक्कम ग्रंथालयाच्या नावे वर्ग करावी. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचा संकल्प आहे. त्यातील शेकडा एक जरी जतनासाठी राखून ठेवला, तरी तो ५०० कोटींचा निधी होतो. दुसरी गोष्ट, राज्य सरकारने अनुदानित महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना या कामासाठी दरडोई निकषावर आवर्ती अनुदान द्यावे. तिसरी, मुंबई विद्यापीठाने रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि ठाणे या पट्ट्यासाठी एक सामाईक केंद्र उघडावे, आणि पेणचे भाऊसाहेब नेने महाविद्यालय किंवा रोह्याचे चिंतामणरावांच्या नावाचे महाविद्यालय यांसारख्या संलग्न संस्थांनी आपापल्या परिसराची सामग्री तेथे द्यावी. दापोलीचे कृषी विद्यापीठ, त्याचे पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्र आणि लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठ यांचा त्यात सहभाग असावा.

चौथी गोष्ट देणगीची. महाराष्ट्रात विद्येसाठी दान देण्याची परंपरा क्षीण नाही. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून उभी राहिली आणि तिच्या ग्रंथालयाने आकडेवारीचा मोठा संग्रह जोपासला. परंतु आजचा दाता इमारतीला पैसे देतो, कारण इमारतीवर नाव कोरता येते. धारिकांवर कोनशिला बसत नाही. जतनासाठी कायम ठेव ठेवून तिच्या व्याजातून खर्च भागवावा, ही कल्पना माजी विद्यार्थ्यांना, सहकारी संस्थांना आणि धाटावच्या कारखानदारांना समजावून सांगावी लागेल. मात्र येथे एक पथ्य पाळलेच पाहिजे. कुंडलिकेच्या पाण्याच्या नोंदी जपण्यासाठी कारखान्यांचा पैसा घ्यावयाचा असेल, तर कोणती नोंद ठेवावयाची आणि कोणती नाही, यात त्यांचा शब्द चालता कामा नये. आवर्ती सरकारी अनुदान हा पाया, आणि देणगी ही त्यावरची भर, हा क्रम उलटला तर दप्तर दात्याचे होईल, लोकांचे राहणार नाही.

नोंदी कोणाच्या कामी येतात

हा प्रश्न विद्वानांच्या सोयीचा आहे असे समजणे चूक ठरेल. २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यावयाची की नाही, यावर पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मतदान घेण्यात आले. त्या साऱ्या वादाच्या मुळाशी जमिनीचा कस आणि पाण्याचा हक्क हे विषय होते. असे प्रसंग या जिल्ह्यात पुन्हा पुन्हा येणार आहेत. महामुंबईची सीमा दरवर्षी दक्षिणेकडे सरकत आहे. अशा वेळी एका बाजूला तज्ज्ञ सल्लागारांचे जाडजूड अहवाल असतात आणि दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याची आठवण असते. स्थानिक महाविद्यालयाने वीस वर्षे जपलेली पिकाची, मिठाची आणि पाण्याची नोंद ही या दोहोंमधील एकमेव निःपक्षपाती साक्ष ठरू शकते. ती कोणाच्या बाजूने बोलेल हे आधी सांगता येणार नाही, आणि तिचे मोल नेमके त्यातच आहे.

जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या महापुराने जांभूळपाड्यात आणि रोहे तालुक्यातील नागोठण्यात हाहाकार उडाला. पाणी कोणत्या घराच्या कोणत्या पायरीपर्यंत चढले, हे तेव्हा प्रत्येकाला ठाऊक होते. ते पाहिलेली पिढी आता थकत चालली आहे. एखाद्या भूगोलाच्या अध्यापकाने त्या खुणा विद्यार्थ्यांकडून नकाशावर उतरवून घेतल्या असतील, तर तो नकाशा पुढील पुराच्या वेळी कोठे राहावे आणि कोठे राहू नये हे सांगू शकेल. मात्र त्यासाठी तो नकाशा तोवर टिकला पाहिजे, आणि टिकावयाचा तर त्याच्या नावाने दरवर्षी ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात थोडी रक्कम पडली पाहिजे.

राजवाड्यांनी दप्तरांसाठी वणवण केली, कारण ती सांभाळण्याचे काम त्यांच्या काळात कोणी आपले मानले नव्हते. त्यांच्या त्यागाचा गौरव अवश्य व्हावा. पण शंभर वर्षांनंतरही तेच काम एखाद्या माणसाच्या त्यागावर सोडून देणे हा त्यांचा गौरव नव्हे. पेण आणि रोहे येथील ग्रंथालयांना वह्यांनी भरलेल्या कपाटांची कमतरता नाही. त्यांना हवी आहे ती अंदाजपत्रकातील एक ओळ, दरवर्षी न चुकता येणारी.